शाळेतील जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना



पुसेगाव परिसरातील शाळाभेटींत एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. "साहेब, सकाळी संगणक सुरू करून परिपाठ उरकून आलो, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते." असा संगणक पुढे कापडाखाली झाकला जातो, आणि काही दिवसांनी त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आमच्या टेबलावर येतो. अशा अनेक यंत्रांत बिघाड एकाच भागाचा असतो. तो भाग म्हणजे हार्ड डिस्क. ती बदलली असता दहाबारा वर्षांचा संगणकही शाळेच्या नित्य कामास पुन्हा उपयोगी पडतो. हे काम कसे करावे व ते करताना काय जपावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हा भाग करतो काय, ते पाहू. मुख्याध्यापकांच्या टेबलावर जेवढे कागद मावतात तेवढ्यावरच ते एका वेळी काम करतात. बाकीची दप्तरे कपाटात असतात. संगणकातील रॅम हे टेबल व हार्ड डिस्क हे कपाट होय. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला बहुधा ७२०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून एक सूक्ष्म शीर्ष सरकत मजकूर वाचते. शीर्ष व तबकडी यांतील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणूनच चालू संगणक टेबलासकट सरकविणे धोक्याचे आहे, ही गोष्ट सफाई करणाऱ्या मुलांनाही सांगून ठेवावी. मजकुराचा प्रत्येक तुकडा शोधण्यास या यंत्रणेला सुमारे एक शतांश सेकंद लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. पण संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात. एस. एस. डी. नावाच्या नव्या साधनात फिरणारे काहीच नसते. सर्व नोंदी विद्युत् स्मृतीत असल्यामुळे तेच काम सुमारे शंभराव्या हिश्श्याइतक्या वेळात होते.

या विद्येचा आरंभ मोठा मनोरंजक आहे. ज्या १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच साली अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने अशा तबकड्यांचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांत मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही कित्येकदा तेवढी जागा घेते.

आता मूळ कामाकडे वळू. डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असेल, तर संगणक पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाबरोबर आतील मजकूर वाचण्याची आशा कमी होते. यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे. केवळ मंदपणा असेल, तर घाई नाही. परंतु पेचकस हाती घेण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर अथवा पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि त्यांतील चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. बरेच शिक्षक 'डी' भाग तेवढा उतरवून घेतात. वास्तविक निकालपत्रके, प्रवेशयादी, छायाचित्रे इत्यादी बहुधा पडद्यावरच, म्हणजे डेस्कटॉपवर, ठेवलेली असतात व तो मजकूर 'सी' भागात असतो.

याबाबत माझा स्वत:चा अनुभव सांगतो. मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या संगणकात नवी डिस्क बसविली. जुनी व नवी दोन्ही १६० जी. बी.च्या. जुनीची नक्कल नवीवर करावयाची, तर मी यादीतील नावे नीट न वाचता कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर केली. तीन वर्षांची निकालपत्रके पाच मिनिटांत पुसली गेली. जनरल रजिस्टर कागदावर होते म्हणून लाज राखली गेली. निकालपत्रके मात्र आम्ही तिघांनी दिवाळीच्या सुटीत उत्तरपत्रिका व नोंदवह्या पाहून पुन्हा टंकित केली. त्या सहकाऱ्यांच्या सुटीचे ऋण अजून माझ्यावर आहे. तेव्हापासून नक्कल करण्यापूर्वी दोन्ही डिस्कांवरील अनुक्रमांक मी कागदावर लिहून घेतो, 'कोठून' व 'कोठे' असे दोन शब्द त्यांपुढे मांडतो, आणि दुसऱ्या कोणाकडून तरी ते मोठ्याने वाचवून घेतो.

मराठी शाळांपुढे आणखी एक अडचण आहे, जी शहरातील तंत्रज्ञाच्या ध्यानी येतेच असे नाही. आपले जुने पुष्कळ लेखन श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आय. एस. एम. यांसारख्या प्रणालींतील जुन्या अक्षरसंचांत झालेले आहे. नव्या डिस्कवर ते अक्षरसंच नसले, की फाइल उघडते खरी, पण अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. 'मजकूर खराब झाला' असे समजून अशा फाइली पुसून टाकल्याचे मी पाहिले आहे. मजकूर शाबूत असतो. त्याची लिपी तेवढी हरवलेली असते. सबब जुन्या संगणकातील 'फॉन्ट्स' हा संग्रहही उतरवून घ्यावा, महत्त्वाच्या कागदांच्या पी. डी. एफ. प्रती करून ठेवाव्या, आणि येथून पुढे सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे.

खरेदीस जाताना पेटी उघडून जोडणी पाहावी. रुंद, चपटी, ४० छिद्रांची पट्टी असेल तर ती फार जुनी पद्धत होय, आणि अशा यंत्रावर खर्च करू नये असे माझे मत आहे. बोटाएवढी अरुंद केबल असेल तर ती साटा पद्धत. हिला नवी एस. एस. डी. सरळ जोडता येते. जागेविषयी फार विचार नको. शालेय कामास २४० किंवा २५६ जी. बी. पुष्कळ झाले. २५६ची डिस्क संगणकात २३८ दाखविते, यात दुकानदाराने फसविलेले नसते. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतो, तर संगणक १०२४च्या पटीत. हा हिशेब सातवीच्या वर्गाला उदाहरण म्हणून द्यावा. नवी डिस्क अडीच इंची व पेटीतील खाच साडेतीन इंची असते, म्हणून पत्र्याची चौकट मागून घ्यावी. सोबत नाण्याएवढी सी. आर. २०३२ बॅटरीही आणावी. ती संपली की संगणकाची तारीख मागे जाते, आणि शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत. दोष मात्र बिचाऱ्या इंटरनेटला दिला जातो.

डिस्क बसविण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. वीजजोडणी काढावी, पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत् उतरवावी, धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, दोन केबली जोडाव्या, स्क्रू आवळावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून नक्कल चालू असताना यू. पी. एस. अवश्य असावा.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करावी, की प्रणाली नव्याने घालावी? क्लोनझिला या मोफत साधनाने नक्कल होते. पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल, तर जुनीवरील विभाग आधी लहान करून घ्यावे लागतात. शिवाय जुन्या विषाणूंचीही नक्कल होते. विंडोज ७ची सुरक्षासुधारणा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १०ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर भरावयाची, त्यावर नवी प्रणालीच घालावी. जुने यंत्र नवे विंडोज पेलत नसेल, तर लिनक्सचा विचार करावा. केरळातील सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आहेत, आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेल्या बॉस प्रणालीत मराठीची सोय आहे.

एक गैरसमज मात्र नसावा. एस. एस. डी. बिघडताना आवाज करीत नाही. एखादे दिवशी ती अकस्मात मुकी होते. महिन्याच्या अखेरीस प्रत काढण्याचा नेम पूर्वीसारखाच चालू ठेवावा. रॅम २ जी. बी. असेल, तर तीही ४ करावी, नाहीतर कपाट जवळ येऊनही टेबल अपुरेच राहते.

खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करावयाचा झाल्यास आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा, पंचायत समितीत विचारणा करावी, व नव्या वस्तूची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह करावी. जुनी डिस्क भंगारवाल्यास कदापि देऊ नये. तीत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांची बँकखाती असतात, आणि फाइल पुसली तरी मजकूर परत काढता येतो. ती कागदात गुंडाळून, दिनांक लिहून, कुलपाच्या कपाटात वर्षभर ठेवावी; एखादी विसरलेली फाइल तेथे सापडते. त्यानंतर तिच्यावरील मजकूर संपूर्ण पुसून, रीतसर निर्लेखन करून, ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे नोंदणी झालेल्या संस्थेकडेच ती द्यावी व पावती फाइलला लावावी.