खेळ आणि पोटपाणी (लेखांक ७) : व्यावसायिक गोल्फपटू

व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. क्रिकेटपटूला मानधनाचा करार मिळतो, कबड्डीपटूला लिलावात ठरलेली रक्कम मिळते. गोल्फपटू मात्र स्पर्धेचे प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी आधी स्वतःच्या खिशातून भरतो आणि मग कमाईसाठी मैदानात उतरतो. अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीच्या बाजारात तूर घेऊन येणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. बियाणे, खत, मजुरी आधी. माल आणि भाव नंतर.

भारतातील व्यावसायिक स्पर्धा २००६ पासून प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, भरवते. नेहमीची स्पर्धा चार दिवसांची असते. रोज अठरा होल, एका फेरीला चार ते पाच तास आणि नऊ-दहा किलोमीटरची चाल. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. दोन दिवसांनंतर, म्हणजे छत्तिसाव्या होलनंतर, 'कट' लागतो. साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले खेळाडू पुढे जातात. बाकीच्यांची स्पर्धा तिथेच संपते. मागे राहिलेल्याला बक्षिसातून काहीही मिळत नाही. पुढे गेलेल्यांतही वाटणी फार उतरती असते. एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण पंधरा लाख मिळतात, तर तळाच्या खेळाडूचा त्या आठवड्याचा खर्चही कसाबसा निघतो.

हे सारे कधी कधी एका छोट्या फटक्यावर येऊन ठेपते. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आहे, शेवटचे ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ आहे आणि चेंडू होलपासून अडीच मीटरवर थांबला आहे. खेळाडू चेंडूमागे नाणे ठेवतो, चेंडू उचलून पुसतो, पुन्हा जागेवर ठेवतो. कॅडी मागे उकिडवा बसून गवताचा उतार पाहतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. एवढ्या अंतरावरून जगातले उत्तम व्यावसायिकसुद्धा सरासरी दोनांपैकी एकदाच चेंडू आत घालतात. चेंडू गेला तर उरलेले दोन दिवस खेळायला मिळतात. काठावरून वळला तर सामान आवरून परतीचे तिकीट काढायचे. तीनशे यार्डांचा पहिला फटका प्रेक्षकांच्या लक्षात राहतो. दुधनी स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचे अकरा-बारा डबे मागे टाकील इतके ते अंतर! पण खेळाडूचे घर चालते ते या अडीच मीटरवर.

व्यावसायिक होण्याआधी खेळाडू हौशी गटात वर्षानुवर्षे घालवतो. त्या काळात मोठी रोख बक्षिसे घेता येत नाहीत, म्हणजे खर्च घरचाच. पुढे पात्रता स्पर्धा, खेळाडूंच्या भाषेत 'क्यू स्कूल'. तिथे वर राहिलेल्यांनाच त्या हंगामाचे 'कार्ड', म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, मिळते. हंगाम वाईट गेला की कार्ड जाते आणि पुन्हा तीच परीक्षा.

पुण्याचे उदयन माने या वाटेने गेलेले ठळक मराठी नाव. जन्म १९९१ चा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ते भारताच्या हौशी संघात होते आणि २०१५ मध्ये व्यावसायिक झाले. पीजीटीआयवर त्यांनी दहाहून अधिक विजेतेपदे मिळवली. २०१९ च्या अखेरीची टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप त्यांतलीच. तरीही टोकियो ऑलिम्पिकची जागा थेट मिळाली नव्हती. जुलै २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली आणि राखीव यादीतून माने यांना बोलावणे आले. हाताशी काही आठवडेच होते. कासुमिगासेकीच्या मैदानावर पहिली फेरी ७६ फटक्यांची, म्हणजे पारपेक्षा (मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) पाच जास्त झाली. पुढे सावरून ते साठ खेळाडूंत ५६ वे आले. क्रमांक खालचा दिसतो, पण घरच्या टूरवर वाढलेल्या खेळाडूने ऑलिम्पिकपर्यंत पोचणे ही मोठी मजल आहे आणि तिची दखल महाराष्ट्रात फारच थोडी घेतली गेली.

त्याच ऑलिम्पिक स्पर्धेतले दुसरे भारतीय अनिर्बान लाहिरी यांचा जन्मही पुण्यातला, १९८७ चा. वडील लष्करी डॉक्टर असल्याने छावणीतली मैदाने त्यांना लहानपणीच मिळाली. २०२२ मध्ये अमेरिकेतील प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये ते दुसरे आले आणि त्या एका आठवड्यात त्यांना एकवीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. एकाच व्यवसायाची ही दोन टोके.

या खेळाचा हिशेब खेळाडू स्वतः ठेवतात. सोबतचा खेळाडू आपले फटके लिहितो, आपण तपासून सही करायची. एखाद्या होलवर खऱ्याहून कमी आकडा लिहून सही झाली तर खेळाडू बाद होतो. जास्त लिहिला गेला तर तोच कायम धरतात. १९६८ च्या अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत रॉबर्तो दि विचेन्सो यांच्या सतराव्या होलवर तीनऐवजी चार लिहिले गेले. त्यांनी न पाहता सही केली आणि बरोबरीत येऊन प्लेऑफ खेळण्याचा हक्क गमावला.

अठरा होलच्या मैदानाला सव्वाशे ते पावणेदोनशे एकर जमीन आणि बारमाही पाणी लागते. अक्कलकोट तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण भागात ते परवडणारे नाही. त्यामुळे अशा गावच्या मुलाला खेळात शिरायच्या वाटा मोजक्याच: लष्करातील नोकरी किंवा मोठ्या शहरातल्या क्लबवर कॅडीचे काम. दुसरी वाट कमी लेखण्यासारखी नाही. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर कॅडी म्हणूनच घडले आणि ती स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले.

गोल्फची कारकीर्द लांब चालते. पन्नाशीनंतर ज्येष्ठांची स्वतंत्र टूर असते. जीव मिल्खा सिंग आणि ज्योती रंधावा तिथे खेळले आहेत. तिथवर न पोचणारे बहुतेक जण क्लबवर शिकवणीला लागतात आणि सकाळच्या सरावाच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठीची पकड दुरुस्त करतात.