गाडी मिळते, मुक्कामाचे काय? वरुणा तलावाकाठच्या कॅराव्हॅन सहलीची आखणी

वरुणा (म्हैसूर) : म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटर अंतरावर वरुणा गावाचा विस्तीर्ण तलाव लागतो. कयाक, जेट स्की अशा जलक्रीडांसाठी म्हैसूरकर येथे येतात; हिवाळ्यात त्यांत पक्षीनिरीक्षकांची भर पडते. चाकांवरचे घर, अर्थात कॅराव्हॅन, घेऊन दक्षिणेकडे निघणाऱ्या कुटुंबांना असे ठिकाण खुणावते यात नवल नाही. मात्र बहुतेक जण आधी गाडी ठरवतात आणि मुक्कामाचा विचार शेवटी करतात. आखणीचा क्रम उलटा असायला हवा.

अमेरिकेत राज्य सरकारांच्या उद्यानांत सरोवराकाठी क्रमांक दिलेल्या जागा असतात. तेथे वीजजोडणी, पिण्याचे पाणी आणि मैलापाणी रिकामे करण्याची सोय असते. जागा काही महिने आधी आरक्षित करता येते. भारतात महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली, भाड्याच्या गाड्याही उपलब्ध झाल्या. परंतु त्या रात्री उभ्या कराव्यात अशा सुसज्ज जागा अजून विरळच आहेत.

वरुणाचा तलाव हे राखीव उद्यान नव्हे. दक्षिण कर्नाटकात गावोगावी आढळणाऱ्या ‘केरे’ म्हणजे तलावांपैकी तो एक. गुरे, शेती, मासेमारी यांच्याशी अशा तलावांचा रोजचा संबंध असतो. त्यामुळे काठावर मोकळी जागा दिसली म्हणून तेथेच रात्र काढणे योग्य नव्हे. दिवस तलावाकाठी घालवून मुक्काम म्हैसूर परिसरातील प्रशस्त आवार असलेल्या हॉटेलात, रिसॉर्टमध्ये किंवा शेतघरात करणे अधिक व्यवहार्य ठरते. आरक्षण करताना ‘पार्किंग आहे का’ एवढा प्रश्न पुरत नाही. प्रवेशद्वाराची उंची, आवारातील लोंबत्या विजेच्या तारा, १५ अँपिअरचा सॉकेट, पाणी भरण्याचा नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची परवानगी, या गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. कॅराव्हॅनमध्ये स्वच्छ पाणी, अंघोळ-भांड्यांचे सांडपाणी आणि मैला यांची व्यवस्था वेगवेगळी असते. १०० लिटरची पाण्याची टाकी मोठी वाटते. पण चार जणांनी प्रत्येकी एक बादली, म्हणजे सुमारे १५ लिटर, पाण्याने अंघोळ केली की ६० लिटर तेथेच संपतात. स्वयंपाक आणि भांडी धरता टाकी दिवसभर जेमतेम पुरते. जेवढे पाणी वापरले, जवळपास तेवढेच सांडपाणी साठते, हे मात्र अनेकांच्या ध्यानी येत नाही. काढता येण्याजोगी शौचालयाची टाकी साधारण २० लिटरची असते. चार जणांच्या कुटुंबात ती दोन-तीन दिवसांत भरते. ती जोडणी असलेल्या शौचालयातच रिकामी करावी. त्यातील रसायनयुक्त मैला शेतात, ओढ्यात किंवा तलावात सोडू नये. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम २४ नुसार जलप्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे आणि ‘प्रवाह’ या संज्ञेत नैसर्गिक तसेच कृत्रिम जलाशयही येतात. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पाण्याच्या ओढीने आपण नऊशे किलोमीटर आलो, त्याच पाण्यात साबणाचा फेस सोडणे कोणत्या पर्यटनात बसते?

विजेचे गणितही असेच फसवे आहे. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज मावते. दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज तीवर रात्रभर चालतात. एक किलोवॅटचा वातानुकूलक मात्र दोन तासांतच ती संपवतो. सुदैवाने म्हैसूरच्या हिवाळी रात्री त्याची गरज भासू देत नाहीत.

भाड्याच्या गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे पाहून मगच पैसे भरावेत. खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो. स्वतःच्या गाडीत पलंग, स्वयंपाकघर बसवून घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात घ्यावे. असे बदल नियमांच्या चौकटीत राहून आणि नोंदणी प्रमाणपत्रात त्यांची नोंद करूनच करता येतात. चालक परवान्याबाबतचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दूर केला : हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकास ७,५०० किलोपर्यंत वजनाचे वाहतूक वाहन चालवता येते.

पुण्याहून म्हैसूर सुमारे ९०० किलोमीटर आहे. ताशी ५५-६० किलोमीटर सरासरी धरली तर चाकावरच १५-१६ तास जातात. म्हणून हुबळी-धारवाडजवळ एक मुक्काम अपरिहार्य मानावा. हिरियूरपासून हुळियार, नागमंगल, श्रीरंगपट्टण या मार्गाने आल्यास बेंगळुरूची कोंडी टळते. पुढे वायनाड किंवा उटीला जायचे असल्यास बंडीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ सामान्य वाहनांसाठी बंद असतो, हे वेळापत्रकात आधीच मांडावे. नऊला दहा मिनिटे असताना नाक्यावर पोहोचण्याचा बेत करू नये.

ऋतूबाबत मराठी पर्यटकांचा अंदाज येथे हमखास चुकतो. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरलेला, उन्हाचा महिना. म्हैसूरमध्ये मात्र तो वर्षातील अधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे. दसऱ्याची गर्दीही बहुधा त्याच सुमारास असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. याच दिवसांत मध्य आशियातून आलेले पट्टकादंब हंस म्हैसूर परिसरातील तलावांवर उतरतात. तलावापासून पुढे टी. नरसीपूरला कावेरी-कपिला संगम आहे, तर २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले सोमनाथपूरचे होयसळ मंदिर म्हैसूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे.

काठावर गाडी नेण्यापूर्वी एकाने उतरून जमीन पायाने दाबून पाहावी. वरून कोरडी दिसणारी तांबडी माती खाली ओली असते आणि तीन-साडेतीन टनांची गाडी तीत रुतली, तर ती काढायला गावातला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.