लिनलिथगोचे ताम्रचित्र

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो आणि स्टर्लिंग या दोन नगरांच्या दरम्यान लिनलिथगो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे तळ्याकाठच्या उंचवट्यावर एक भव्य राजवाडा उभा आहे. त्याच्या भिंती किल्ल्यासारख्या उंच व भक्कम आहेत. परंतु आत शिरून वर पाहावे, तर छताच्या जागी उघडे आकाश दिसते!

या वाड्याने एके काळी मोठे वैभव पाहिले होते. १४२४ साली येथील जुने राजगृह आगीत जळाले, तेव्हा पहिल्या जेम्स राजाने नवा वाडा बांधावयास घेतला. पुढील राजांनी त्यात भर घातली आणि मधल्या चौकाभोवती चारही बाजूंनी दालने उभी राहिली. १५४२ च्या डिसेंबरमध्ये याच वाड्यात मेरी या राजकन्येचा जन्म झाला. ती अवघ्या सहा दिवसांची असताना तिचा पिता वारला आणि पाळण्यातील ते बालक स्कॉटलंडची राणी झाले.

पुढे १७४६ साली बंडाच्या धामधुमीत सरकारी सैन्याने या वाड्यात मुक्काम केला. फेब्रुवारीत सैन्य निघून जात असताना वाड्यास आग लागली आणि छते व तक्तपोशी जळून खाक झाली. तेव्हापासून वाडा उघडाच आहे. मग त्याचे पूर्वीचे रूप आपणांस कसे कळावे? येथेच एक जुने चित्र आपल्या साहाय्यास येते.

जॉन स्लेझर हा सैन्यातील तोफखान्याचा अधिकारी होता. त्याने स्कॉटलंडभर हिंडून किल्ले, नगरे व मंदिरे यांची चित्रे काढली आणि १६९३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आग लागण्यापूर्वी अर्ध्या शतकाचा, छतांसह शाबूत असलेला लिनलिथगोचा वाडा त्यात दिसतो.

त्या काळी छायाचित्रण नव्हते. मूळ चित्रावरून कारागीर तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा कोरीत असे. छापताना डावे उजवीकडे जाते. म्हणून सारे चित्र त्याला उलटे कोरावे लागे. मग पत्र्यावर शाई चोळून वरची शाई पुसून टाकीत. कोरलेल्या खाचांत तेवढी शाई उरे. त्यावर ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला, की खाचांतील शाई कागदावर उमटे. जेथे रेषा दाट तेथे छाया आणि जेथे विरळ तेथे प्रकाश!

तथापि चित्र हा एक साक्षीदार आहे आणि साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. याच ग्रंथात डनॉटर किल्ला म्हणून छापलेले चित्र वस्तुतः वीम्स या दुसऱ्याच किल्ल्याचे आहे. म्हणून इतिहाससंशोधक जुने चित्र, कागदपत्रे आणि उभे असलेले दगड ही तिन्ही ताडून पाहतात.

स्लेझरला या उद्योगातून धनलाभ झाला नाही. उलट तो कर्जात बुडाला आणि १७१७ साली विपन्नावस्थेत मरण पावला. ज्या वाड्यात राजे राहिले त्याची छते अग्नीने नेली. पण त्यांचे रूप एका ऋणको अधिकाऱ्याच्या कागदावर आजही शिल्लक आहे.