रजेचं पान

सरकारी माणसाच्या सेवापुस्तकात रजेच्या हिशेबाचं वेगळं पान असतं. पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत माझी उमेदीची वर्षं या पानांवर गेली. १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना प्रत्येकाच्या खात्यावर पंधरा-पंधरा दिवस अर्जित रजा आणि दहा-दहा दिवस अर्धवेतनी रजा जमा करायची, घेतलेली वजा करायची, शिल्लक पुढे ओढायची आणि साहेबांची सही घ्यायची. किरकोळ रजा वर्षाला आठ, तिची नोंदवही निराळी. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की त्यातली एक कापायची. अर्जित आणि अर्धवेतनी रजेला आधार महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ चा. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे, जास्तीत जास्त तीनशे दिवसांचे, पैसे मिळतात. त्यामुळे या पानावरची एक चुकलेली बेरीज माणसाला वीस वर्षांनी नडते. मी ते काम जीव लावून केलं, कारण त्या आकड्यांमागे कुणाचं आजारपण, कुणाच्या लेकीचं लग्न आणि कुणाचं बाळंतपण असायचं.

आता मी फुलंब्रीत राहते. सकाळी हर्सूल, चौक्याकडून येणाऱ्या गाड्यांतून कर्मचारी उतरतात आणि संध्याकाळी तशाच परत जातात. छत्रपती संभाजीनगर इतकं जवळ असल्यावर अप-डाऊन होणारच. मुलांच्या शाळा तिकडे, दवाखाने तिकडे. मुख्यालयी राहत नाही आणि घरभाडे भत्ता मात्र उचलतो, ही लोकांची तक्रार जुनी आहे. २०१९ मध्ये शासनाने मुख्यालयी राहण्याच्या पुराव्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या बाबतीत हा प्रश्न विधानसभेत नेला आणि राज्यभर वाद पेटला. ज्याला आठवड्यातून तीन वेळा ग्रामपंचायतीचं कुलूपच दिसतं, त्याला राग येणारच. तरी माझं मत असं की कर्मचारी कुठे राहतो यावर आपण फार बोललो. तो नसेल त्या दिवशी काम कोण करणार, यावर फार थोडं बोललो.

हजेरीपत्रकात दिसते ती गैरहजेरी छोटी असते. मोठी गैरहजेरी रिक्त पदाची, आणि ती हजेरीपत्रकात येतच नाही. जिल्हा परिषदांची २०१९ ची भरतीची जाहिरात रखडली आणि शेवटी रद्द झाली. पुढची मोठी जाहिरात आली थेट ऑगस्ट २०२३ मध्ये, १९ हजार ४६० पदांची. मधल्या वर्षांत माणसं निवृत्त होत राहिली. त्यावरचा आमचा ठरलेला उपाय म्हणजे अतिरिक्त कार्यभार. एका ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दोन-तीन गावं. एक जण रजेवर गेला की त्याचा चार्ज शेजारच्याकडे, ज्याच्याकडे आधीच एक चार्ज आहे. असे आदेश मी ढिगाने टाइप केले आहेत. कागदावर पद भरलेलं दिसतं आणि गावाच्या वाट्याला आठवड्यातले दीड-दोन दिवस येतात.

मग गावात रोज कोण असतं? आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक परिचालक. गावात त्याला केंद्रचालक म्हणतात, नाहीतर नुसतं ऑपरेटर. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून ही मुलं ग्रामपंचायतीत आली. २०१६ पासून ती सीएससी या यंत्रणेमार्फत काम करू लागली. जन्म-मृत्यूची नोंद, नमुना आठचा उतारा, विवाह नोंदणी, वित्त आयोगाच्या खर्चाच्या ऑनलाइन नोंदी, ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने, सगळं त्यांच्या बोटांखालून जातं. यासाठी ग्रामपंचायत दरमहा १२ हजार ३३१ रुपये भरायची, म्हणजे वर्षाला १ लाख ४७ हजार ९७२. त्यातून परिचालकाच्या हातात सुरुवातीला पडत ६ हजार. बाकीची रक्कम साहित्य, देखभाल, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण अशा नावांनी जायची. मानधन पुढे दहा हजारांपर्यंत गेलं, तेही आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे काढून काढून. आणि या माणसाला रजेचं पान नाही.

आमच्या ओळखीतली एक ऑपरेटर आहे. तिचा मुलगा घाटी रुग्णालयात दाखल होता, आठवडाभर ती तिथेच होती. पीककर्जाचे दिवस, लोकांना उतारे हवेत आणि लॉगिन फक्त तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला, तिसऱ्या दिवशी दोनदा. शेवटी तिने दिराला पासवर्ड सांगितला. लोकांची कामं झाली, पण गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आठवडाभर अशा माणसाच्या हाती होत्या ज्याची नेमणूक कुठल्याच कागदावर नाही. काही गडबड झाली असती तर जबाबदार तीच धरली गेली असती. वर त्या दिवसांचं मानधन कापलं गेलं. मला ती सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलगा बरा झाला याचाच आनंद होता. चीड मला आली. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही लिपिकाला असा प्रसंग आला असता तर मी अर्ज घेतला असता, टिपणी ठेवली असती आणि दुपारपर्यंत रजा मंजूर झाली असती.

१४ ते २० मार्च २०२३ जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. त्या आठवड्यात मी एका कार्यालयात गेले होते. टेबलांमागे कंत्राटी मुलंच बसलेली. ज्यांना पेन्शन नाही, रजाही नाही, त्यांच्यावर तेवढे दिवस कचेरी उभी होती. त्याच वर्षी शासनाने मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ एजन्सी ठरवल्या. आरक्षणाचं काय, कायम नोकरीचं काय, असा उद्रेक झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो लढा रास्तच होता. पण निर्णय रद्द झाल्याने आधीपासून एजन्सीमार्फत राबणाऱ्यांच्या स्थितीत काही बदल झाला नाही. कार्यालयं माणसं बाहेरून घेतच राहिली.

इथे एक गोष्ट वाचकांनी, विशेषतः सरपंच आणि नगरसेवकांनी, ध्यानात घ्यावी. एजन्सी नेमली म्हणून कार्यालयाची जबाबदारी संपत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने काम करून घेणाऱ्याला मूळ मालक धरलं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा. नव्या श्रमसंहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणून एजन्सीचं देयक मंजूर करण्याआधी तीन कागद पाहावेत: हजेरीची प्रत, मागच्या महिन्याचा पगार प्रत्येकाच्या खात्यात गेल्याचं बँकेचं विवरण, आणि भविष्य निर्वाह निधीचं नावनिहाय चलन. निधीत कामगाराचे १२ टक्के जातात, तेवढेच मालकाचे. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. चलनाची एकूण रक्कम पाहून भागत नाही, नावं जुळवावी लागतात. हजेरीत चौदा नावं आणि चलनात नऊ, असं देयक माझ्या टेबलावर आलेलं आहे. मी ते परत केलं. वरून दोन फोन आले, तरी परत केलं. पुढच्या महिन्यात चौदाही नावं आली.

ब्रिटनमध्ये २०११ पासून नियम आहे की एजन्सीच्या माणसाने एका ठिकाणी तेच काम बारा आठवडे केलं की त्याला तिथल्या कायम माणसाइतका मूळ पगार द्यावा लागतो. भरपगारी सुट्टी तर त्याला पहिल्या दिवसापासून साठत जाते. तिथल्या नगरपालिकाही माणसं बाहेरून घेतात, पण त्या माणसाची सुट्टी एजन्सीच्या दरातच धरलेली असते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात सांगितलं की नुसती वर्षं भरली म्हणून कुणी कायम होत नाही. त्याचा आधार घेऊन कार्यालयांनी माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवलं. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं आणि कायमस्वरूपी कामासाठी बाहेरून माणसं घेण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवलं.

कायम करण्याचा प्रश्न मुंबई-दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटेल. रजेचा प्रश्न मात्र तालुक्यात सुटू शकतो. करारात ऑपरेटरला महिन्याला एक भरपगारी रजा आणि बाळंतपणाची रजा लिहायची. वडोद बाजार, आळंद, बाबरा, गणोरी अशा मोठ्या गावांभोवतीच्या दहा-बारा ग्रामपंचायतींनी मिळून एक फिरता ऑपरेटर ठेवायचा, त्याला त्याचं स्वतःचं लॉगिन द्यायचं आणि त्याचा खर्च वाटून घ्यायचा. कुणी रजेवर गेलं की ग्रामपंचायत अधिकाऱ्याने एक फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी तो त्या गावात हजर. आमची शेती ज्या गावात आहे, तिथल्या सरपंचांकडे मी असा ठराव लिहून दिला आहे. गावाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल, असं त्यांनी कबूल केलंय. त्या दिवशी मी तिथे जाणार आहे.