शिळाछापातील गायिका

दिवाळीनंतर आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरू लागली की भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे झळकतात. नटीचा चेहरा मोठा आणि नावही ठसठशीत. रंगमंचावरील स्त्रीचे चित्र व तिचे नाव यांची अशी जोडी नेहमीच जमलेली नव्हती.

१८९४ साली पॅरिसमध्ये तुलूज-लोत्रेक या चित्रकाराने ईव्हेत गिल्बेर या कॅबरे-गायिकेच्या १६ शिळाछापांचा आल्बम काढला. प्रती अवघ्या १००. शिळाछापाची रीत साधी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी धरलेल्या जागी शाई बसत नाही, खडूच्या रेघांवर तेवढी बसते. तेल-पाण्याचे पटत नाही, एवढ्यावर सारा कारभार! खडूची थरथरसुद्धा कागदावर उतरते. लोत्रेकने तिचा नेमका उपयोग केला. लांबट मान, वर उचललेले नाक, थकलेल्या पापण्या, काहीच झाकले नाही. मुखपृष्ठावर तर चेहराच नाही. तिचे प्रसिद्ध काळे हातमोजे तेवढे पडलेले. आपल्याला कुरूप काढतो म्हणून बाई त्याच्यावर कुरकुरत असे; पण या आल्बमच्या प्रत्येक प्रतीवर तिने स्वतः सही केली. मला ही सही चित्रांइतकीच मोलाची वाटते.

त्याच वर्षी, १८९४ मध्ये, राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे रंगागणिक वेगळी शिळा लागे. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघर पोचल्या त्या येथूनच. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) रविवर्म्यांच्या काही चित्रांची प्रेरणा होत्या, असे सांगतात. त्यांत ‘मोहिनी’चेही नाव घेतले जाते. म्हणजे तिकडे गायिका आपल्याच चेहऱ्याने छापली गेली, इकडे पुराणातील स्त्री होऊन. रविवर्म्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गाणाऱ्या बाईचे चित्र म्हणून ते किती घरांनी भिंतीवर लावले असते?

अंजनीबाईंना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आमच्या शेजारी झोक्यावरच्या ‘मोहिनी’ची एक जुनी तसबीर आहे. काच पुसून पाहिली तर खाली छापखान्याचे नाव अजून वाचता येते. आणखी कुणाचे नाव तिच्यावर नाही.