भाव सांगण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खानदेशात कुठल्याही दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'भाव काय शे?' आणि आपला माणूसही तितक्याच तत्परतेने आकडा सांगून मोकळा होतो. किराणा मालाला हे ठीक आहे. पण शेतात ठिबक संच बसवून देणारा, डाळ मिलची यंत्रं बनवणारा, गोदामाची शेड उभारणारा, यांच्याकडे गिऱ्हाईक येतं तेव्हा वस्तू समोर ठेवलेली नसते. ती अजून तयार व्हायची असते. तिचं मोजमाप, वजन, ती बसवायची जागा, सगळंच अजून हवेत असतं. अशा वेळी सांगितलेला भाव नक्की कशाचा असतो?

तरीही व्हॉट्सॲपवर दोन ओळी जातात: 'पाच एकर ठिबक, पूर्ण संच, अमुक रुपये.' पुढे एकतर काम दुसऱ्याला जातं आणि आपण म्हणतो, 'पार्टी भावाला तुटली नाही.' किंवा काम मिळतं, आणि 'पूर्ण संचा'त फिल्टर धरला होता की नाही, चारी कोणी खोदायची, यावरून शेताच्या बांधावर वाद होतो. माझ्या मते दुसरी गत पहिलीपेक्षा वाईट. हातातून गेलेल्या कामात फक्त नफा जातो, पण मोघम बोलीवर मिळालेल्या कामात भांडवलही अडकतं.

आज मला बोलायचं आहे ते या दोन ओळींच्या जागी जो कागद जायला हवा त्याविषयी. त्याला प्रस्ताव म्हणू. दरपत्रक त्याचा एक भाग असतं, पण तो शेवटचा भाग. आणि हा कागद आपण अशा माणसासाठी लिहितो आहोत, जो स्वतःहून विचारायला आला आहे. त्याला आपली जाहिरात नको आहे. तरीही बहुतेक प्रस्तावांचं पहिलं पान 'आमची संस्था गेली अनेक वर्षे ग्राहकांच्या सेवेत' या मजकुरानेच भरलेलं असतं. कुलदैवताच्या चित्राबद्दल माझी तक्रार नाही, ते डोक्यावर असू द्या. पण 'वाजवी दरात उत्तम सेवा' हे वाक्य मात्र काढून टाका. महाग दरात वाईट सेवा देऊ, असं कोणीच लिहीत नाही.

पहिल्या परिच्छेदात गिऱ्हाइकाचं काम त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असावं. तो कागद वाचताना म्हणाला पाहिजे, 'हो, मला हेच हवं आहे.' आता हे त्याच्या शब्दांत लिहायचं, तर आधी त्याच्या जागेवर जावं लागतं.

ठिबकचंच उदाहरण घेऊ, कारण या बाबतीत जळगाव जिल्ह्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात रॉकेल विक्रीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये केळी पावडरचा एक कारखाना तीस लाखांना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. मग पीव्हीसी पाइप आले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. ठिबकमध्ये त्यांच्या कंपनीने नुसती नळी विकली नाही. शेताची पाहणी, आराखडा, संचाची उभारणी आणि पिकाचा सल्ला, असं सगळं मिळून विकलं. भवरलालजी २०१६ मध्ये गेले, पण आज रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात शेतकरी ठिबकवाल्याला 'आधी शेत बघून जा' म्हणतो, त्यामागे ही सवय आहे.

शेत बघायला गेल्यावर काय कळतं, त्याचा एक हिशेब सांगतो. पाच एकर केळी आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. केळीच्या दोन ओळींत सहा फूट अंतर ठेवलं आणि ओळीला एक नळी टाकली, तर एकराला ७,२६० फूट नळी लागते, म्हणजे सुमारे २,२१० मीटर. पाच एकरांना अकरा किलोमीटर. तोच शेतकरी पाच फुटांवर लागवड करणार असेल, तर पाच एकरांना तेरा किलोमीटरहून जास्त नळी लागेल. 'दोन ओळींत अंतर किती?' हा एक प्रश्न विचारला नाही, तर अंदाज दोन किलोमीटर नळीने चुकतो. मग कोणाचा भाव कमी आणि कोणाचा जास्त, या तुलनेला अर्थच राहत नाही.

असे आणखी प्रश्न असतात. विहीर शेताच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? मोटर किती अश्वशक्तीची? पाण्यात क्षार किती? क्षार जास्त असतील तर ड्रिपर चोंदतात आणि दोष संच बसवणाऱ्यावर येतो, म्हणून पाण्याची तपासणी करून तिचा निकाल प्रस्तावाला जोडलेला बरा. वीज किती तास मिळते? आठ तास वीज असेल आणि प्रत्येक भागाला दोन तास पाणी द्यायचं असेल, तर शेताचे चारच भाग पाडता येतात. त्यावरून व्हॉल्व्ह किती आणि पाइप किती इंची, हे ठरतं. वीज रात्री येत असेल, तर व्हॉल्व्ह फिरवायला अंधारात कोण जाणार, हेही विचारा. शेतकऱ्याने हे बोलून दाखवलेलं नसतं, पण त्याच्या मनात असतं. ज्याच्या कागदावर याचं उत्तर सापडतं, त्याचा भाव थोडा जास्त असला तरी माणूस थांबून विचार करतो.

ठिबकच्या प्रस्तावात एक मोह टाळायला हवा. अनुदान वजा करून उरलेला आकडा ठळक छापण्याचा. अनुदान मंजूर करणारे आपण नव्हेत. ऑनलाइन अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, मोका तपासणी, आणि त्यानंतर शेतकऱ्याच्या खात्यात पैसे, असा तो रस्ता आहे. प्रस्तावात संचाची पूर्ण किंमत लिहावी, आणि अनुदानाची रक्कम व वेळ शासनाच्या मंजुरीवर अवलंबून आहे, हे खाली वेगळं लिहावं.

आता शेतातून कारखान्यात येऊ. समजा, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरला जळगावच्या डाळ मिलवाल्याने फोन केला, 'आम्हाला नवीन एलिवेटर बसवायचा आहे, कोटेशन द्या.' फॅब्रिकेटर उंची विचारेल, ताशी किती टन माल चढवायचा ते विचारेल, पत्र्याची जाडी आणि मोटर धरून भाव काढेल. यात गैर काही नाही. पण मिलवाल्याची खरी काळजी वेगळी असते. जुना एलिवेटर काढून नवा बसेपर्यंत मिल किती दिवस बंद राहणार? नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते. त्या दिवसांत आठवडाभर मिल बंद ठेवायची, तर होणारं नुकसान एलिवेटरच्या किमतीतल्या फरकापेक्षा मोठं असू शकतं.

म्हणून चांगल्या प्रस्तावात असं लिहिलेलं असेल: 'सांगाडा आमच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण जोडून, ट्रायल घेऊन आणू. पाया तुम्ही आमच्या नकाशाप्रमाणे आधी करून ठेवावा. मिल तीन दिवस बंद ठेवावी लागेल.' तीन दिवस लिहिले तर ते पाळावे लागतील हे खरं. पण तेवढ्यासाठीच तर तो कागद आहे.

याच कागदावर, कामात काय धरलेलं नाही तेही लिहावं. सिव्हिल काम, थ्री फेज पॉइंट, माल उतरवायला लागणारी क्रेन, वाहतूक. हे लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती वाटते. अनुभव उलटा आहे. धुळे-जळगाव सुरत-नागपूर महामार्गावर आहेत, धुळ्यातून मुंबई-आग्रा रस्ताही जातो. त्यामुळे आपल्या गिऱ्हाइकाकडे सुरत, राजकोट, इंदूरचे प्रस्तावही सहज पोचतात. त्यांची छपाई आपल्यापेक्षा देखणी असते, त्यात त्यांच्याशी स्पर्धा करू नये. उद्या बेअरिंग गेलं तर दोन तासांत माणूस पोचेल, हे आपण लिहू शकतो. ते मात्र फोन नंबरासह लिहावं.

किमतीबद्दल दोन-तीन गोष्टी. एकच मोठा आकडा लिहू नये. साहित्य, मजुरी, वाहतूक वेगवेगळी दाखवावी. जीएसटी धरून की वेगळा, हे स्पष्ट असावं. 'प्रचलित दराने वेगळा' हे सर्वांत सुरक्षित. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या प्रस्तावात ज्याने 'सर्व करांसह' म्हणून एकच आकडा लिहिला असेल, त्याला गिऱ्हाइकापुढे किती खुलासे करावे लागले असतील, कल्पना करा. आणि भाव किती दिवसांसाठी आहे, ते तारखेसह लिहावं. लोखंडाचा, पीव्हीसीचा भाव महिनाभर एका जागी राहील याची खात्री कोणी देत नाही.

ही तारीख नुसती पद्धत म्हणून लिहायची नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि 'प्रस्ताव' हा त्या कायद्यातलाच शब्द आहे. प्रस्ताव समोरच्याने स्वीकारला की ते वचन होतं. प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपल्यावर तो आपोआप रद्द होतो. मुदत दिली नसेल तर 'वाजवी काळ' गेल्यावर. हा वाजवी काळ किती, याचा वाद घालायला मग वकील लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं गमतीचं समजू नका. व्यवहार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला, एवढ्याच कारणाने करार अवैध ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो.

पैशांच्या हप्त्यांबद्दल बोलायला आपण सर्वांत जास्त लाजतो. 'तुमचं-आमचं काय वेगळं आहे, द्याल सवडीने.' असं म्हणणाऱ्याचे पैसे खरोखर सवडीनेच येतात. ऑर्डरबरोबर किती, माल वर्कशॉपमधून निघताना किती, ट्रायलनंतर किती आणि किती दिवसांत, हे प्रस्तावातच असू द्या. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना २००६च्या कायद्याने मोठा आधार दिला आहे. लेखी मुदत ठरलेली असेल तर त्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी काही नसेल तर १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. यासाठी उद्यम नोंदणी आधी केलेली असावी आणि तिचा क्रमांक प्रस्तावावर छापलेला असावा. कायद्याची धमकी देण्याची गरज पडत नाही. तो क्रमांक वाचणाऱ्याला काय ते कळतं.

प्रस्ताव तीन-चार पानांपेक्षा मोठा नको. शक्यतो मराठीत लिहा. मिलचे मालक इंग्रजी वाचत असतील, पण संध्याकाळी तो कागद त्यांचे भाऊ, मुनीम आणि फिटरही वाचणार असतात. तो पाठवून गप्प बसू नये. स्वतः नेऊन द्यावा, समोर बसून वाचावा, आणि वाचताना ते कुठे थांबतात इकडे लक्ष ठेवावं. थांबतात तिथे शंका असते.

आणि मग घासाघीस होतेच. ती आपल्या रक्तात आहे. भाव कमी करायचाच असेल तर कामातलं काहीतरी कमी करावं. वाहतूक त्यांची, किंवा रंगाचा एक हात कमी, असं. त्याच कामाचा भाव कारणाशिवाय दहा टक्के उतरला, की आधीचा भाव फुगवलेला होता असं समोरचा धरून चालतो, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात करतो.

नवा भाव ठरला की जुन्या कागदावरचा आकडा पेनाने खोडून वर सही करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडा. करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव जसाच्या तसा, विनाअट स्वीकारला तरच करार होतो. 'मंजूर, पण भाव एवढा करा' हा स्वीकार नव्हे, तो त्यांच्याकडून आलेला नवा प्रस्ताव आहे. म्हणून बदललेल्या कामासह, नवीन तारीख आणि नवीन क्रमांक घालून कागद पुन्हा लिहावा, दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि ॲडव्हान्सचा चेक त्यानंतर हातात घ्यावा.