‘फॅन्टसी’ गेम बंद झाले की नाही? तलवार आणि ड्रॅगन तेच, पण प्रत्येक गेमची किंमत वेगळी!

डिजिटल डेस्क, सोलापूर : ‘फॅन्टसी गेमवर तर बंदी आली ना, मग पोरगं रात्री बारापर्यंत मोबाइलवर काय खेळतंय?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर गफलत एका शब्दामुळे झाली आहे. ‘फॅन्टसी’ नावाचे दोन वेगवेगळे प्रकार आहेत. एकावर कायद्याने गदा आली आहे. दुसरा सुरू आहे आणि त्यातही पैसे खर्च होतात. हे पैसे कुठे आणि कसे जातात, हे खेळणाऱ्यालाही बऱ्याचदा उशिरा कळतं.

दोन ‘फॅन्टसी’ कोणत्या?

पहिला प्रकार ड्रीम ११ सारखा. खऱ्या क्रिकेटपटूंची टीम निवडायची, पैसे लावायचे आणि खेळाडूंच्या कामगिरीवर जिंकायचं. संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

दुसरा प्रकार म्हणजे फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम. इथे क्रिकेट नाही. तलवारबाज, जादूगार, वैद्य असं एक पात्र तुम्ही घडवता. राक्षस मारता, वस्तू गोळा करता, लेव्हल वाढवता. त्याच जगात त्याच वेळी हजारो लोक खेळत असतात. तुम्ही मोबाइल बाजूला ठेवला तरी ते जग चालूच राहतं. याची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा गेम लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. त्यात एकही चित्र नव्हतं, सगळा खेळ अक्षरांचा!

खेळाडूंना नेमकं काय आवडतं?

याच बार्टल यांनी १९९६ मध्ये एक लेख लिहिला आणि खेळाडूंची विभागणी पत्त्यांच्या चार रंगांत केली. तीस वर्षं होत आली, तरी गेमची तुलना करताना ती कामाला येते.

चौकट : हे ‘मिळवणारे’. लेव्हल, दुर्मिळ तलवार, आकडे यांत त्यांना रस.

इस्पिक : हे ‘शोधणारे’. नकाशाचा कोपरान् कोपरा पालथा घालणारे.

बदाम : हे ‘जमणारे’. गेम निमित्त, खरा रस मित्रांत आणि गप्पांत.

किलवर : हे ‘भिडणारे’. समोर खरा माणूस हरला पाहिजे, तरच मजा.

प्रत्येकात हे चारही रंग थोडे थोडे असतात. पण ‘सगळ्यात भारी गेम कोणता?’ यावर मित्रांचं कधीच एकमत होत नाही, त्याचं कारण इथे आहे. एकाच्या हातात बदाम असतो, दुसऱ्याच्या हातात किलवर.

कोणता गेम कुणासाठी?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : २००४ मध्ये आलेला ब्लिझार्ड कंपनीचा हा गेम या प्रकारातला दादा. २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. लेव्हल २० पर्यंत फुकट, पुढे मासिक वर्गणी. अमेरिकेत ती १४.९९ डॉलर आहे. हा मोबाइलवर नाही, कॉम्प्युटर लागतोच. मोठ्या मोहिमांना १०-२० जणांनी ठरलेल्या वेळी एकत्र यावं लागतं. चौकट आणि बदाम या दोन्ही रंगांसाठी चांगला, पण सेकंड शिफ्टला जाणाऱ्याचं जमणं कठीण.

फायनल फॅन्टसी १४ : २०१० मध्ये आला आणि साफ पडला. जपानी कंपनीने तो बंद करून नव्याने बांधला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आणला. कथा हे याचं बळ. चौघांच्या छोट्या मोहिमेत एक ढाल धरणारा, एक बरं करणारा आणि दोन मारणारे, अशी वाटणी असते. फुकट चाचणीत लेव्हल ७० पर्यंत वेळेची मर्यादा न ठेवता खेळता येतं. मात्र चाचणीत गेममधल्या बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. मोबाइलवरच्या खेळाडूसाठी हाही दूरच.

ओल्ड स्कूल रूनस्केप : याची गोष्ट मजेशीर आहे. मूळ गेम २००१ चा. कंपनीने बदल करत नेले, जुने खेळाडू नाराज झाले. शेवटी ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत काढून २०१३ मध्ये तोच जुना गेम पुन्हा सुरू केला. नवा बदल हवा की नको, यावर खेळाडूच मतदान करतात. ७० टक्के होकार मिळाला तरच मोठे बदल होतात. २०१८ पासून मोबाइलवर आहे आणि कॉम्प्युटरवरचं खातं तिथेही चालतं. चित्रं ओबडधोबड, पण चौकट आणि इस्पिकवाल्यांचा लाडका.

अल्बियन ऑनलाइन : बर्लिनच्या कंपनीचा २०१७ चा गेम, २०२१ पासून मोबाइलवरही. गेममधल्या जवळपास सगळ्या वस्तू खेळाडूच बनवतात आणि बाजारात विकतात. धोक्याच्या भागात मेलात, तर अंगावरचं सामान गेलं. काही नष्ट होतं, उरलेलं मारणारा उचलतो. किलवर हातात असेल तर हाच गेम. भावाभावाने माल घेऊन विकण्याची हौस असणाऱ्यांनाही रमवणारा.

गेनशिन इम्पॅक्ट : सप्टेंबर २०२० मध्ये आलेला, शांघायच्या मिहोयो कंपनीचा. डोळ्यांना सर्वांत सुंदर, फिरायला मोठं जग, बहुतेक वेळ एकट्याने खेळायचा. इस्पिकवाल्यांना खूश करणारा. डाउनलोड फुकट, कथा फुकट. पैसे लागतात ते नवी पात्रं मिळवताना आणि तेही नशिबावर.

या पाचांपैकी एकातही मराठी नाही. इंग्रजी वाचण्याची तयारी हवी.

पिंग, स्टोरेज आणि सोलापूरचं ऊन

परदेशी व्हिडिओत गेम छान चालतो, आपल्याकडे अडखळतो. याची तीन कारणं आहेत.

पहिलं अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे तुमचा आदेश जाऊन उत्तर परत यायला किमान ३९ मिलीसेकंद हवेत. युरोपातल्या फ्रँकफर्टसाठी तेच ६५ च्या पुढे. केबल सरळ रेषेत जात नाही, शिवाय सोलापूरचा टप्पा आणि मोबाइल टॉवर मध्ये येतात. त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. कितीही महागडा रिचार्ज मारला तरी हे अंतर कमी होत नाही. अल्बियनचा आशियासाठीचा सर्व्हर सिंगापूरला आहे, खातं काढताना तोच निवडावा. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये सर्व्हर प्रत्येक हालचाल ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर मोजतो. त्यामुळे पिंग थोडं जास्त असलं तरी फारसं बिघडत नाही.

दुसरं स्टोरेज. गेनशिनला २० जीबीपेक्षा जास्त जागा लागते. रूनस्केपचं काम काही शे एमबीत भागतं.

तिसरं कारण खास आपलं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. मोबाइल तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर वेग कमी करतो आणि भारी चित्रांचा गेम रखडू लागतो. दुपारी चार्जिंगला लावून गेनशिन खेळणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कमी करून घेणं.

खरा फरक कुठे? गेम काय घेतो, त्यात

राक्षस, जादू, ड्रॅगन सगळीकडे आहेत. फरक आहे तो गेम तुमच्याकडून काय वसूल करतो याचा. वेळ, ठरावीक रक्कम की नशिबाचा खेळ?

रूनस्केप वेळ घेतो. त्यात एखाद्या कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठायला १ कोटी ३० लाखांहून अधिक गुण लागतात. ९२ व्या लेव्हलला पोहोचलात की जेमतेम निम्मं अंतर कापलेलं असतं! वॉरक्राफ्ट ठरावीक वर्गणी घेतो, महिन्याचा आकडा आधीच माहीत असतो. अल्बियन वेळ घेतो आणि वर जोखीमही पत्करायला लावतो.

गेनशिनसारख्या गेमचं गणित मात्र नीट समजून घ्या. होम मैदानावर गड्डा यात्रेत रिंग टाकायचा स्टॉल असतो. बक्षीस समोर मांडलेलं, रिंग तुमच्या हातात, पैसे रिंगचे. तसंच इथे. एक ‘विश’ म्हणजे एक रिंग आणि तिची किंमत १६० प्रायमोजेम. रोज खेळून ही रत्नं थोडी थोडी फुकट मिळतात, घाई असेल तर पैशांनी घेता येतात.

सर्वोच्च, म्हणजे पाच ताऱ्यांचं पात्र एका विशमध्ये मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. गणित केलं तर ७० वेळा प्रयत्न करूनही १०० पैकी साधारण ६५ जणांच्या हाती ते लागत नाही. नव्वदाव्या प्रयत्नाला पाच ताऱ्यांचं पात्र हमखास मिळतं. पण तेही तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पहिल्यांदा दुसरंच निघालं, तर पुढच्या वेळी हवं ते नक्की. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीत १८० विश, अर्थात २८,८०० रत्नं. सर्वांत मोठं पॅकेट जवळपास १०० डॉलरचं आणि त्यात ८,०८० रत्नांपुरतं चलन. सगळी रत्नं विकत घ्यायची म्हटली, तर एका पात्रासाठी अशी चार पॅकेटं! चिकाटीने फुकट जमवणारेही भरपूर आहेत. पण ‘अजून एकच’ म्हणत राहणाऱ्याला आपण किती रिंगा टाकल्या, याचा हिशेब राहत नाही. कारण खर्च रुपयांत होतो आणि पडद्यावर दिसतात ती रत्नं.

जगभरात यावर वाद झाले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा ‘लूट बॉक्स’ना जुगार ठरवलं. २०२२ मध्ये आलेला डायब्लो इम्मॉर्टल हा गेम बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये प्रकाशितच झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेनशिनच्या कंपनीवर कारवाई केली. शक्यता आणि खर्च यांबाबत खेळाडूंची दिशाभूल केल्याचा आरोप होता. कंपनीने तडजोडीत २ कोटी डॉलर देण्याचं आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स न विकण्याचं मान्य केलं.

आपला कायदा काय म्हणतो?

२०२५ च्या कायद्यात तीन कप्पे आहेत : ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पैसे लावून त्या बदल्यात पैसे किंवा पैशासारखं काही जिंकण्याची अपेक्षा असेल, तर तो मनी गेम. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला मात्र नाही.

केवळ मनोरंजनासाठी असलेला आणि वर्गणी घेणारा गेम सोशल गेममध्ये बसतो. वॉरक्राफ्टसारखी वर्गणी त्यामुळे अडचणीची नाही. गेनशिनमध्ये जिंकलेलं पात्र रोख रकमेत बदलता येत नाही, म्हणून तो सरळसरळ मनी गेम ठरत नाही. पण नशिबावर पैसे जातातच आणि लूट बॉक्ससाठी या कायद्यात वेगळं कलम नाही. त्यामुळे इथे पहारा घरातूनच ठेवावा लागणार.

पात्र तुमचं, पण सर्व्हर कुणाचा?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्स बंद केली. त्या यादीत एएफके अरेना हा फॅन्टसी रोल-प्लेइंग गेमही होता. त्याही आधी, २००० च्या दशकात, ‘लेव्हल अप’ कंपनीने रॅगनारॉक ऑनलाइनचा खास भारतासाठी सर्व्हर चालवला होता. काही वर्षांत तो बंद पडला. दोन्ही वेळा नियमितपणे खेळणाऱ्यांची वर्षांची मेहनत हातची गेली. गेममधली तलवार तुमच्या मालकीची नसते. कंपनीने वापरायला दिलेली असते आणि सर्व्हर बंद झाला की तीही जाते.

लेव्हल वाढवलेली ‘आयडी’ विकत घेणं-देणं सोशल मीडियावर सर्रास चालतं. बहुतेक गेमच्या नियमांत ते बसत नाही. यूपीआयने पैसे पाठवल्यावर विकणारा पासवर्ड बदलून मोकळा होतो आणि गेम कंपनीकडे दाद मागायची सोय राहत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

डाउनलोड करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. माझा पत्ता कोणता? चौकट, इस्पिक, बदाम की किलवर?

२. मित्र कोणता गेम खेळतात? बदामवाल्यांसाठी याचं उत्तर मिळालं की निवड झालीच.

३. गेम वेळ घेतो, वर्गणी घेतो की नशिबावर पैसे घेतो?

४. जवळचा सर्व्हर कुठे आणि मोबाइलमध्ये जागा किती?

५. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग केली आहे का? मुलाच्या हातात तुमचा मोबाइल असेल, तर हे काम आजच करा.

पालकांनी ‘गेम बंद कर’ म्हणण्याआधी एकदा मुलाशेजारी बसून ‘यात पैसे कुठे लागतात ते दाखव’ असं म्हणून पाहावं. ज्याला ते झटकन दाखवता येतं, त्याला आपण काय खेळतोय हे कळलेलं असतं. ज्याला दाखवता येत नाही, त्याच्यासोबत बसून महिन्याभराच्या खरेदीची यादी उघडा. प्ले स्टोअरमध्ये ती रुपयांत दिसते.